परक्या भूमीवरची पायवारी

सोलापूर ते तुळजापूर हे अंतर सुमारे ४५ किलोमीटरांचे आहे. कोजागिरी पौर्णिमेच्या सुमारास सोलापुरातून, तसेच सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही हजारो भाविक हे अंतर पायी कापतात. संध्याकाळी निघालेला धडधाकट माणूस सकाळपर्यंत भवानीमातेच्या दारी पोहोचतो. एस. टी. ला तर तासा-सव्वातासाचेच काम. एवढेच अंतर मंगळाच्या भूमीवर तोडायला एका यंत्राला १४ वर्षांहून अधिक काळ लागला. आणि २०१८ मध्ये ते यंत्र कायमचे थांबले तेव्हा पृथ्वीबाहेरच्या भूमीवर चाकांनी केलेला तो सर्वांत लांबचा प्रवास ठरला होता! त्या यंत्राचे नाव 'ऑपॉर्च्युनिटी', म्हणजेच 'संधी'. त्याने एकूण ४५.१६ किलोमीटर अंतर कापले.

अशा यंत्रांना 'रोव्हर' म्हणतात. रोव्हर म्हणजे भटक्या. परग्रहावर किंवा चंद्रावर उतरून, चाकांवर हिंडून, तिथली माती आणि खडक तपासणारी ही माणसाविना चालणारी गाडी. हा विषय विज्ञान शाखेच्या मित्रांचा, तो कला शाखेच्या विद्यार्थिनीने का घ्यावा, असे कोणी विचारील. माझे उत्तर साधे आहे. भूगोल हा माझा विषय आहे. अनोळखी प्रदेशात जाणे, वाट शोधणे, दगडमाती पाहणे, अंतर मोजणे आणि त्यावरून त्या भूमीचा पूर्वेतिहास सांगणे, हे तर भूगोलाचे मूळचेच काम. आज ते काम माणसाच्या पायांऐवजी चाके करीत आहेत, एवढेच.

आणखीही एक कारण आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी 'चांद्रयान-३' चे 'विक्रम' हे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरले. त्याच्या पोटातून 'प्रज्ञान' नावाचा २६ किलो वजनाचा सहाचाकी रोव्हर बाहेर पडला. पुढे दहा-अकरा दिवसांनी बातमी आली की, प्रज्ञानने १०० मीटरचा टप्पा ओलांडला. आम्हा मैत्रिणींत त्यावर लगेच दोन तट पडले. "सुमारे सहाशे पंधरा कोटी रुपये खर्चून शंभर मीटर? आपल्या क्रीडामहोत्सवात हे अंतर चौदा सेकंदांत संपते. आणि आमच्या गावाला मात्र उन्हाळ्यात पाण्याचा टँकर लागतो!" असे एक मैत्रीण म्हणाली. तिचे गाव आपल्या जिल्ह्यातलेच. तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता आणि 'देशाचा अभिमान' एवढे शब्द उच्चारून तो मिटणाराही नव्हता. म्हणून या गाड्या इतक्या हळू का चालतात, त्यांतल्या काही लांब कशा जातात, आणि लांब जाऊन नेमके काय हाती लागते, हे समजून घ्यावे असे मला वाटले. तेच येथे मांडते.

निरोपाचे अंतर

गाडी हाकणाऱ्याला तीन गोष्टी लागतात. वाट दिसली पाहिजे, बैलाला हाक ऐकू गेली पाहिजे, आणि खड्डा आला तर वेळेवर लगाम खेचता आला पाहिजे. रोव्हर हाकणारा पृथ्वीवर बसलेला असतो. त्याची हाक म्हणजे रेडिओ संदेश. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने जातो, आणि त्याहून वेगवान असे जगात काही नाही. तरीही चंद्रापर्यंत जायला त्याला सव्वा सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. मंगळापर्यंत, तो ग्रह जवळ असेल तेव्हा ३ मिनिटे आणि दूर असेल तेव्हा २२ मिनिटे लागतात. समोर खड्डा आहे हे चित्र पृथ्वीवर येईपर्यंत आणि 'थांब' हा हुकूम परत जाईपर्यंत मंगळावरची गाडी केव्हाच खड्ड्यात गेलेली असेल.

या अडचणीवर माणसाने आजवर तीन उपाय केले. मी त्यांना माझ्यापुरती तीन नावे दिली आहेत : डोळ्यांनी हाकणे, पत्राने हाकणे आणि विश्वासाने सोडून देणे.

डोळ्यांनी हाकणे

पहिला उपाय सोव्हिएत रशियाचा. १७ नोव्हेंबर १९७० रोजी 'लुनोखोद-१' ही आठ चाकांची, सुमारे ७५० किलो वजनाची गाडी चंद्रावर उतरली. पृथ्वीबाहेर दुसऱ्या भूमीवर दूरनियंत्रणाने चाललेली ती पहिली गाडी. दिसायला ती झाकण असलेल्या मोठ्या पातेल्यासारखी होती. क्रिमियातील सिंफेरोपोल शहराजवळच्या केंद्रात पाच जणांचे पथक बसे. त्यांत प्रमुख, चालक, वाट दाखवणारा, अँटेना सांभाळणारा आणि यंत्राची तब्येत पाहणारा असे कामाचे वाटप होते. चंद्रावरून दर काही सेकंदांनी एकेक स्थिर चित्र येई. ते पाहून चालक दांडा हलवी, आणि त्या हुकमाचा परिणाम पुढच्या चित्रात दिसे. डोळे मिटून चार पावले टाकावीत, क्षणभर उघडावेत, पुन्हा मिटावेत, अशी ही चाल. तरी या गाडीने १९७१ पर्यंत साडेदहा किलोमीटर मजल मारली.

तिची धाकटी बहीण 'लुनोखोद-२' जानेवारी १९७३ मध्ये उतरली. तिला वाट दिसावी म्हणून एक कॅमेरा उंचावर बसवला होता. बसल्या माणसाला जेवढे दिसते त्यापेक्षा उभ्या माणसाला अधिक दिसते, हा साधा व्यवहार. परिणाम असा की जेमतेम चार महिन्यांत तिने ३९ किलोमीटर अंतर कापले. सोलापूरहून अक्कलकोट गाठावे, साधारण तितके. त्यातही चंद्रावरची निम्मी वेळ रात्रीची असते आणि रात्री गाडी उभीच असे.

तिचा शेवट मात्र चटका लावणारा आहे. मे १९७३ मध्ये ती एका विवरात शिरली. वळताना तिचे उघडे झाकण विवराच्या भिंतीला लागले आणि झाकणाच्या आतल्या सौर पट्ट्यांवर माती पडली. रात्री झाकण मिटले, तेव्हा ती माती खालच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर सांडली. माती म्हणजे उत्तम गोधडीच. पुढच्या चांद्रदिवशी उष्णता बाहेर जाईना आणि गाडी आतल्या आत तापून बंद पडली, असे तिची हकीकत सांगणारे म्हणतात. ओंजळभर धुळीने एवढी मोठी गाडी थांबवली.

पत्राने हाकणे

मंगळावर ही रीत चालत नाही. तिथे पत्र लिहावे लागते. मंगळावर सकाळ झाली की पृथ्वीवरून दिवसभराच्या कामाची यादी पाठवायची : इतके मीटर सरळ जा, इतके अंश वळ, अमुक खडकाचे चित्र घे, थांब. रोव्हर ती यादी मुकाट्याने पार पाडतो आणि संध्याकाळी, मंगळाभोवती फिरणाऱ्या उपग्रहांमार्फत, काय घडले ते कळवतो. ते वाचून इथली माणसे उद्याचे पत्र लिहितात. दिवसाला एक पत्र, एक उत्तर. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा. त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत या माणसांना आपली जेवण्या-झोपण्याची वेळ रोज ४० मिनिटांनी पुढे ढकलावी लागते.

१९९७ मध्ये उतरलेला 'सोजर्नर' हा मंगळावरचा पहिला चालता रोव्हर. तो सुमारे १०० मीटर हिंडला, म्हणजे आपल्या प्रज्ञानएवढाच. २००४ च्या जानेवारीत 'स्पिरिट' आणि 'ऑपॉर्च्युनिटी' ही जोडी मंगळाच्या दोन विरुद्ध बाजूंना उतरली. प्रत्येकाकडून अपेक्षा होती ९० दिवसांची आणि फार तर एक किलोमीटरची. स्पिरिट सहा वर्षे जगला आणि ७.७३ किलोमीटर चालला. ऑपॉर्च्युनिटीची कथा आरंभी सांगितलीच आहे.

या दोघांच्या प्रवासात मला सर्वांत ओळखीचा वाटला तो रुतण्याचा प्रसंग. आपल्याकडची काळी जमीन पावसात कशी होते हे शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको. चाक फिरते, धावेला चिखल चिकटतो, गाडी तसूभरही हलत नाही आणि जितका जोर लावावा तितके चाक खोल जाते. एप्रिल २००५ मध्ये ऑपॉर्च्युनिटी वाळूच्या एका बुटक्या लाटेत असाच रुतला. पत्रात लिहिले होते तेवढे फेरे चाकांनी इमाने घातले. आपण जागच्या जागीच आहोत हे त्याला कळले नाही. त्याला बाहेर काढायला पाच आठवडे लागले. इथे पृथ्वीवर तशीच माती कालवून, तशाच जुळ्या गाडीला तीत रुतवून, कसे निघावे याचा सराव करण्यात आला आणि मग तिथे इंचाइंचाने चाके फिरवली गेली. तेव्हापासून रोव्हर वाटेत थांबून, आजूबाजूच्या खडकांची चित्रे ताडून, 'मी खरोखर पुढे सरकलो का?' हे स्वतः तपासू लागले.

अंतर मोजण्यातली मोठी मेख हीच आहे. चाकाचे फेरे मोजले की अंतर कळते असे आपण समजतो. पण घसरणाऱ्या चाकाचे फेरे खोटे बोलतात. लुनोखोद-२ ने ३७ किलोमीटर कापल्याचे चाळीस वर्षे छापले जात होते. पुढे अमेरिकेच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या उपग्रहाने तिच्या चाकोऱ्यांची स्पष्ट छायाचित्रे काढली. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही. चाकोरी जशीच्या तशी. त्यावरून रशियन संशोधकांनी २०१३ मध्ये नवा हिशेब मांडला, आधी आकडा बराच वाढला आणि अखेर ३९ किलोमीटरवर स्थिरावला. ऑपॉर्च्युनिटीने जुलै २०१४ मध्ये ४० किलोमीटर पूर्ण करून तो विक्रम मोडला, त्यापूर्वी त्याच्या चालकांनी मंगळावरच्या एका लहानशा विवराला 'लुनोखोद-२' हे नाव दिले. पुढे जाणाऱ्याने मागे राहिलेल्याला केलेला हा नमस्कार मला फार आवडला. २४ मार्च २०१५ रोजी ऑपॉर्च्युनिटीने ४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉनही पुरी केली. वेळ लागला ११ वर्षे आणि २ महिने!

विश्वासाने सोडून देणे

तिसरा उपाय म्हणजे गाडीलाच डोळे आणि थोडी बुद्धी देणे. फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळावर उतरलेला 'पर्सिव्हिअरन्स' चालता चालता समोरच्या भूमीची चित्रे घेतो, त्यांवरून उंचसखल नकाशा करतो आणि कोणता दगड टाळायचा हे आपले आपण ठरवतो. पृथ्वीवरून मुक्काम तेवढा सांगायचा. वाट तो शोधतो. त्याच्या एकूण प्रवासापैकी सुमारे नऊ दशांश वाट त्याने अशी स्वतःच काढली आहे. जून २०२५ मध्ये एका दिवसात तो ४११ मीटर चालला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याचे एकूण अंतर ४० किलोमीटरच्या घरात पोहोचले.

प्रज्ञान या तिघांपैकी कोणत्या रीतीचा? चंद्र जवळ असूनही तो बेताबेतानेच चालवला गेला. त्याच्या दोन कॅमेऱ्यांच्या चित्रांवरून पुढच्या पाचेक मीटरांचा उंचसखल नकाशा बेंगळुरूला तयार होई. तो पाहून वाट ठरे, हुकूम जाई, गाडी तेवढी सरके, पुन्हा चित्रे. वेग सेकंदाला एक सेंटिमीटर. २७ ऑगस्टला वाटेत ४ मीटर व्यासाचे एक विवर आले. ते ३ मीटर आधीच दिसले, म्हणून गाडी मागे वळवता आली. मागे वळण्याच्या या निर्णयातच मला त्या शंभर मीटरांचे मोल दिसते.

वेग की आयुष्य?

आता थोडा हिशेब. गणिताला भिणाऱ्या मित्रांनी भिऊ नये. साधा भागाकार आहे. ऑपॉर्च्युनिटीचे ४५ किलोमीटर त्याच्या सव्वापाच हजार दिवसांवर वाटले, तर रोजची सरासरी येते साडेआठ-नऊ मीटर. प्रज्ञानचे सुमारे १०१ मीटर त्याच्या दहा दिवसांवर वाटले, तर रोजचे येतात १० मीटर. म्हणजे रोजच्या चालीत आपला प्रज्ञान जगद्विख्यात ऑपॉर्च्युनिटीपेक्षा तसूभरही मागे नव्हता! पर्सिव्हिअरन्सची सरासरी रोजची २२-२३ मीटर. २०१२ पासून मंगळावर असलेला 'क्युरिऑसिटी' २०२५ पर्यंत सुमारे ३५ किलोमीटर चालला. त्याची सरासरी साडेसात मीटरांच्या आसपास. एकट्या लुनोखोद-२ चा आकडा रोजचा तीनशेहून अधिक मीटरांचा आहे. आणि तीच चार महिन्यांत संपली.

या आकड्यांवरून एक गोष्ट उघड होते. लांबचा पल्ला गाठायचा तर वेगापेक्षा आयुष्य अधिक मोलाचे. मग प्रश्न असा की, रोव्हरचे आयुष्य कशाने ठरते?

पहिले उत्तर : रात्रीने. चंद्रावरचा दिवस आपल्या १४ दिवसांचा आणि रात्रही तितकीच लांब. त्या रात्री तापमान शून्याखाली शेकडो अंश जाते. विद्युत घट गोठतात, तारांचे सांधे आकसून तुटतात. लुनोखोदच्या पोटात पोलोनियम या किरणोत्सर्गी धातूची शेगडी होती. पण पोलोनियमची धग १३८ दिवसांत निम्मी होते, म्हणून ती शेगडीही अल्पायुषी. क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स यांच्याकडे प्लुटोनियम आहे. त्याची धग निम्मी व्हायला ८७ वर्षे लागतात. ऊबही त्याचीच आणि वीजही त्याचीच. ऑपॉर्च्युनिटी चाले उन्हावर, पण रात्री ऊब मिळावी म्हणून त्याच्याही पोटात प्लुटोनियमच्या लहान गोळ्या होत्या. प्रज्ञानकडे अशी शेगडी नव्हती. त्याला एका चांद्रदिवसासाठीच घडवले होते. २ सप्टेंबर २०२३ रोजी त्याला झोपवण्यात आले. रात्र सरल्यावर २२ सप्टेंबरपासून हाका मारल्या गेल्या. उत्तर आले नाही. मात्र ज्या वाहक यानाने विक्रमला चंद्रापर्यंत नेले, त्यात आपल्या अणुऊर्जा विभागाने बनवलेल्या अशा दोन लहान शेगड्या चाचणीसाठी ठेवल्या होत्या. म्हणजे पुढच्या रात्रीची तयारी त्याच प्रवासात सुरू झाली होती.

दुसरे उत्तर : धुळीने. उन्हावर चालणाऱ्या गाडीच्या सौर पट्ट्यांवर मंगळाची धूळ साचते. ऑपॉर्च्युनिटीला ९० दिवसांऐवजी इतकी वर्षे लाभली, कारण तिथला वाराच अधूनमधून त्याच्या पट्ट्या झाडून देत असे. ज्या वाऱ्याने जगवले, त्यानेच शेवटी घात केला. जून २०१८ मध्ये साऱ्या ग्रहाला वेढणारे धुळीचे वादळ उठले, दिवसाची रात्र झाली. १० जूनला त्याचा अखेरचा संदेश आला. आठ महिने हाका मारून १३ फेब्रुवारी २०१९ रोजी मोहीम संपल्याचे जाहीर करण्यात आले.

तिसरे उत्तर : चाकांनी. क्युरिऑसिटीची चाके अ‍ॅल्युमिनियमची, आणि त्यांचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नाही. २०१३ मध्ये टोकदार खडकांनी त्यांना भोके पाडली. तेव्हापासून त्याची वाट चाकांना जपून आखली जाते. स्पिरिटचे पुढचे उजवे चाक तर २००६ मध्ये कायमचे अडले. मग तो उलटा चालू लागला, ते मेलेले चाक फरफटत. आणि गंमत पाहा, त्या फरफटीने मातीत जो चर पडला, त्यात पांढरी शुभ्र माती उघडी झाली. ती जवळजवळ शुद्ध सिलिकाची निघाली. अशी माती उन्हाळ्याच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यापाशी किंवा वाफेच्या तोंडाशी तयार होते. चांगल्या चाकाला जे सापडले नसते ते लंगड्या चाकाला सापडले.

लांब जाऊन काय मिळते?

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे वळते. जवळचा खडक तपासून काम भागत नाही काय? लांब कशासाठी जायचे?

भूगोलाच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर अवघड नाही. सोलापूर शहराभोवती कितीही हिंडले तरी पायाखाली दख्खनचा काळा बेसॉल्टच लागणार. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा खडक. आपली काळी जमीन त्याच्याच झिजेतून झाली. एवढेच पाहून कोणी 'भारत म्हणजे बेसॉल्ट' असे लिहिले तर? दक्षिणेकडे पुरेसे चालत गेल्यावरच त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट भेटतो आणि कथेचे आधीचे पान उघडते. भूमीवर लांब जाणे म्हणजे पुष्कळदा काळात मागे जाणे असते.

ऑपॉर्च्युनिटीचे नेमके हेच झाले. तो जिथे उतरला तिथल्या खडकांत पाण्याच्या खुणा होत्या, पण ते पाणी आंबट, खारट, आम्लधर्मी होते. जीवाला मानवणारे नव्हे. तो तिथेच थांबला असता तर 'मंगळावर पाणी होते, पण कडू होते' एवढेच पान आपल्या हाती राहिले असते. २००८ मध्ये त्याच्या चालकांनी त्याला २२ किलोमीटर व्यासाच्या 'एन्डेव्हर' विवराकडे वळवले. पोहोचेल याची खात्री कोणालाच नव्हती. तीन वर्षे चालून ऑगस्ट २०११ मध्ये तो विवराच्या काठावर आला. तोवर त्याची एकूण चाल सुमारे ३३ किलोमीटर झाली होती. तिथे त्याला जिप्समची शीर सापडली, आणि पुढे चिकणमातीच्या जातीची खनिजे सापडली. ती फार जुनी, आणि पिण्याजोग्या पाण्यात तयार होणारी. म्हणजे कडू पाण्याच्या आधी गोड पाण्याचा काळ होता! हे वाक्य ३३ किलोमीटर चालल्याशिवाय लिहिता आले नसते.

आणि येथेच हा विषय माझ्या जिल्ह्यापाशी येऊन पोहोचतो. आपण पर्जन्यछायेतली माणसे. हिप्परग्याचा एकरुख तलाव १८७१ साली याच कारणासाठी बांधला गेला. पुढे उजनी आली. तरीही उन्हाळ्यात पाण्याची चिंता गेलेली नाही. एखाद्या भूमीवर पाणी होते, वाहत होते, तळी होती, आणि ते सारे नाहीसे झाले. ते का, हा प्रश्न जगात कोणाला परका वाटला तरी सोलापूरकराला परका वाटू नये. मंगळावरच्या प्रत्येक दूरच्या प्रवासामागे हाच एक प्रश्न आहे. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे जाण्यामागेही सदैव सावलीत राहणाऱ्या विवरांतला बर्फ हेच मोठे आकर्षण आहे.

या संशोधनाने माझ्या मैत्रिणीच्या गावचा टँकर बंद होणार नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितले. तो बंद करण्याचे काम वेगळे आहे, त्याला वेगळा पैसा आणि वेगळी माणसे लागतात, आणि चंद्रावर यान गेले म्हणून त्या कामाची मागणी कोणी सैल करू नये. पण एकाच देशाने एका वेळी दोन प्रश्न विचारू नयेत, हेही मला पटत नाही. पाणी कुठे गेले हे विचारणारी नजर एकच असते. ती विहिरीत डोकावते तशीच आकाशाकडेही पाहते.

आपल्या मातीचाही या प्रवासाला थोडा हात लागलेला आहे. चांद्रयान-३ ज्या अग्निबाणाने उडाले त्याच्या दोन्ही बाजूंना घन इंधनाचे दोन प्रचंड नळकांडे होते. त्यांच्या कवचाचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात बनलेले आहेत. तो कारखाना ज्यांच्या नावाचा, ते वालचंद हिराचंद १८८२ मध्ये आपल्या सोलापुरातच जन्मले. ज्या परिसरात एके काळी उसाची यंत्रे हेच मोठे यंत्रकाम होते, तिथले पोलाद चंद्राच्या वाटेला लागले.

पुढचा टप्पाही ठरला आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने 'चांद्रयान-५' ला मंजुरी दिली. ही मोहीम जपानबरोबर व्हायची आहे; उतरणारे यान आपले आणि रोव्हर जपानचा. तो प्रज्ञानपेक्षा कितीतरी पट जड असेल.

त्या दिवशी मैत्रिणीला मी एवढेच म्हटले की, शंभर मीटरांना हसायचे असेल तर सोजर्नरच्या शंभर मीटरांनाही हसावे लागेल. आणि त्यानंतर सातच वर्षांत जे निघाले ते ४५ किलोमीटरांवर जाऊन थांबले. तिने लगेच विचारले, "मग आपले ४५ किलोमीटर कधी?" मी म्हटले, रात्र काढायला शिकलो की. त्यावर ती म्हणाली, "आणि आमच्या गावचा टँकर?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणताही रोव्हर आणून देणार नाही, ते आपल्यालाच शोधायचे आहे. पण दोन्ही प्रश्न तिने एका दमात विचारले, याचा मला आनंद झाला.